घरगुती सनस्क्रीन : लेप कुठवर, कापड कुठवर



होळी झाली की आपल्याकडे ऊन तापायला लागतं आणि त्याच सुमारास मोबाइलवर घरगुती उपायांचे संदेश फिरू लागतात. 'बाजारातलं महागडं सनस्क्रीन कशाला? खोबरेल तेल, कोरफड आणि हळद घ्या, एसपीएफ ३० घरच्या घरी तयार!' असा एखादा संदेश आपणा सर्वांना आला असेल. आपल्या काही भगिनींनी पुढे जाऊन विचारलं, की असं क्रीम बचत गटातर्फे बनवून कार्तिक पौर्णिमेच्या मेळ्यात विकता येईल का? प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर नीट समजून घेण्यासारखं आहे.

मी डॉक्टर नाही. आयुष्य बँकेत आकडे तपासण्यात गेलं. पण हा विषयही शेवटी आकड्याचाच आहे. डबीवर एसपीएफ ३० लिहायचं, तर त्या ३० मागे पुरावा काय? बँकेत ज्या आकड्यामागे व्हाउचर नाही, तो आकडा खात्यात चढत नाही. त्याच नजरेने आपण घरगुती सनस्क्रीनकडे पाहू. मोजणारं मोजमाप आहे, त्यावर अभ्यास झालेले आहेत, आणि त्यातला एक तर आपल्या शेजारच्या रायपूरचाच आहे.

ऊन म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी

आपण 'ऊन लागलं' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा उष्णतेबद्दल बोलत असतो. घाम, चक्कर, तोंड कोरडं पडणं, हा सगळा उष्णतेचा त्रास. पण त्वचा रापणं, वांग उठणं, अकाली सुरकुत्या, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर होणं, यामागे अतिनील किरणांचा मोठा हात असतो. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत.

त्यांचे दोन प्रकार जमिनीपर्यंत पोचतात. 'बी' प्रकारचे किरण त्वचेच्या वरच्या थरावर काम करतात. त्वचा लाल होते, भाजते ती प्रामुख्याने यांच्यामुळे. 'ए' प्रकारचे किरण अधिक खोल जातात. ते लगेच भाजत नाहीत, पण त्वचा काळवंडणं आणि सैल पडणं यात त्यांचा वाटा मोठा. खिडकीची साधी काच 'बी' किरण बरेचसे अडवते, 'ए' किरण मात्र तिच्यातून आत येतात. म्हणून बसमध्ये रोज खिडकीशी बसणाऱ्याचाही एक हात रापू शकतो.

आता आपल्या गावाचं पाहा. रामपायली कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो: एकदा मे महिन्याच्या अगदी शेवटी आणि दुसऱ्यांदा जुलैच्या मध्यावर. त्या दिवशी दुपारी बारानंतर काही मिनिटांनी उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. मुलांना अंगणात काठी रोवून हे जरूर दाखवा.

यातली जुलैची वेळ महत्त्वाची आहे. तेव्हा रोवणीचा हंगाम असतो. आभाळ भरलेलं, हवा गार, आणि बाया-माणसं दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे लावत असतात. ऊन नाही असं वाटतं, पण पातळ ढगांतून अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण खाली येऊ शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाकलेल्या माणसाची मान आणि हात उघडेच असतात.

दुसरी गोष्ट वेळेची. उष्णता सर्वांत जास्त दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असते, कारण जमीन तापायला वेळ लागतो. अतिनील किरण मात्र सूर्य माथ्यावर असताना, म्हणजे बाराच्या आगेमागे, सर्वांत तीव्र असतात. साधारण दहा ते तीन ही त्यांची मुख्य वेळ. घड्याळ नसलं तरी हरकत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण तीव्र आहेत असं समजावं.

एसपीएफचा हिशेब

एसपीएफ म्हणजे सूर्यकिरणांपासून संरक्षण किती पटीने वाढलं, याचा आकडा. उघड्या त्वचेला लाल व्हायला जितके किरण लागतात, त्याच्या १५ पट किरण लागले तर एसपीएफ १५. दुसऱ्या शब्दांत, त्वचा भाजणाऱ्या किरणांचा पंधरावा हिस्सा आत जातो.

शंभर रुपयांच्या भाषेत मांडू. एसपीएफ १५ असेल तर १०० पैकी सुमारे ६ रुपये ७० पैसे आत जातात, ३० असेल तर ३ रुपये ३० पैसे, आणि ५० असेल तर २ रुपये. म्हणजे १५ वरून ३० वर गेल्यावर आकडा दुप्पट झाला, पण अडवलेले किरण ९३ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर गेले. ३० वरून ५० वर जाताना फक्त एकाची भर. त्यामुळे '५० च्या वर कितीही' या जाहिरातीला फार भुलू नये.

पण या हिशेबाला एक अट आहे. हा आकडा मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. बहुतेक लोक त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतात. मग डबीवर ३० लिहिलेलं असलं तरी त्वचेवर ३० मिळत नाही.

दुसरं म्हणजे एसपीएफ हा मुख्यतः 'बी' किरणांचा आकडा आहे. 'ए' किरणांसाठी डबीवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द किंवा 'पीए' पुढची अधिक चिन्हं पाहावी लागतात. पीए ही पद्धत जपानमध्ये सुरू झाली. चिन्हं जितकी जास्त, तितकं 'ए' किरणांपासून संरक्षण जास्त.

स्वयंपाकघरातले पदार्थ एकेक करून

खोबरेल तेल. बहुतेक घरगुती कृती इथूनच सुरू होतात, आणि त्यांना आधार म्हणून ज्या अभ्यासाचा दाखला दिला जातो तो रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातला, २०१० चा आहे. तिथे सौंदर्यप्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या तेलांचा एसपीएफ मोजला गेला. ऑलिव्ह आणि खोबरेल तेलाचा आकडा ८ च्या जवळपास आला, एरंडेलाचा ६, बदाम तेलाचा ५, मोहरीच्या तेलाचा ३ आणि तिळाच्या तेलाचा २ च्या आसपास.

हे वाचून कुणी म्हणेल, ८ म्हणजे काही कमी नाही! पण ही मोजणी माणसाच्या त्वचेवर झालेली नव्हती. तेल अल्कोहोलच्या द्रावणात मिसळून, यंत्रात त्यातून प्रकाश सोडून ती केली होती. तेलांची आपसांत तुलना करायला अशी पद्धत उपयोगी आहे. उन्हात काम करणाऱ्या, घामाने भिजलेल्या माणसाच्या हातावर तेच तेल किती टिकेल, हा प्रश्न निराळा. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी तेलं आणि वनस्पतींचे रस तपासले, तेव्हा किरण अडवण्याची त्यांची क्षमता नगण्य आढळली. म्हणजे मूळ अभ्यास खोटा नाही, संदेश लिहिणाऱ्यांनी त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. आणि गंमत अशी, की त्या अभ्यासातला सर्वांत मोठा आकडाही ३० च्या जवळ जात नाही.

कोरफड. तिच्या गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असतं. पाण्यासारख्या पारदर्शक थरातून किरण सहज आत जातात. कोरफडीचा खरा उपयोग उन्हातून आल्यानंतरचा आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

हळद. हळदीतलं कर्क्युमिन प्रकाश शोषतं हे खरं, पण प्रकाशातच ते लवकर विघटनही पावतं. हळदीचा डाग पडलेलं कापड उन्हात वाळवलं की डाग फिका पडतो, हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक आहे. जे स्वतःच उन्हात उडून जातं, त्याच्या भरवशावर त्वचा कशी ठेवायची?

चंदन आणि मुलतानी माती. आपलं गावच चंदन नदीच्या काठी वसलेलं, त्यामुळे चंदनाचं नाव निघालं की आपल्याला जवळचं वाटतं. चंदनाच्या गंधाने थंडावा मिळतो. मातीचा जाड थर ओला असेपर्यंत थोडा आडोसाही होतो. पण कपाळावर किंवा गालावर आपण लावतो तो थर पातळ असतो, वाळला की त्याला भेगा पडतात आणि घामाने तो वाहून जातो. म्यानमारमध्ये बायका-मुलं गालांवर 'थनाका' लावतात, तो आपल्या कवठाच्या कुळातल्या झाडांची साल दगडावर उगाळून केलेला लेप असतो. पण तिथेही शेतात काम करणारी बाई नुसत्या लेपावर थांबत नाही, डोक्यावर रुंद काठाची बांबूची टोपीही घालते.

लिंबू. याबद्दल मात्र सरळ इशारा देतो. लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत असे घटक असतात की ते त्वचेवर असताना 'ए' किरण पडले तर रासायनिक भाजल्यासारखी जखम होते. लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी लाली आणि फोड येतात, आणि नंतर काळा डाग कित्येक आठवडे, कधी महिने राहतो. 'डाग जाण्यासाठी लिंबू' म्हणून लावलं आणि डाग वाढला, असं होतं ते यामुळे. उन्हात बसून सरबतासाठी लिंबं पिळली तरी हात साबणाने धुवावेत.

झिंक ऑक्साइड : खरा पदार्थ, तरीही अडचण

काही कृतींमध्ये झिंक ऑक्साइडची पावडर घालायला सांगतात. हा पदार्थ खरोखर काम करतो. आयुर्वेदात ज्याला यशद म्हणतात त्या जस्ताचंच हे ऑक्साइड. 'ए' आणि 'बी' दोन्ही किरण अडवतं, आणि बाजारातल्या कित्येक चांगल्या सनस्क्रीनमध्ये तेच असतं. मग घरी पावडर आणून खोबरेल तेलात आणि मेणात कालवली तर काय बिघडलं?

अडचण कालवण्यात आहे. झिंक ऑक्साइडचे कण अतिशय बारीक असतात आणि तेलात पडले की एकमेकांना चिकटून गोळे होतात. आपण पिठलं करताना बेसनाच्या गुठळ्या मोडतो, त्या तरी दिसतात. या गुठळ्या डोळ्यांना दिसत नाहीत. मिश्रण गुळगुळीत पांढरं दिसतं, पण त्वचेवर पसरल्यावर कुठे दाट आणि कुठे विरळ बसतं. विरळ जागेतून किरण आत जातात. चाळणीने पाणी अडवण्यासारखा हा प्रकार. कारखान्यात हे कण खास यंत्रांत घोटून वेगळे ठेवले जातात, त्वचेवर सलग पापुद्रा धरावा म्हणून आणखी घटक घातले जातात आणि मग तयार क्रीमची चाचणी होते. २० टक्के पावडर घातली म्हणून अमुक एसपीएफ, असं नुसतं सूत्र नसतं. आकडा तयार क्रीम मोजूनच कळतो, आणि तो मोजण्याची सोय घरी नाही.

आणखी दोन गोष्टी. कोरडी पावडर कालवताना उडते आणि श्वासात जाते, ते फुप्फुसांना चांगलं नाही. शिवाय कोरफड किंवा गुलाबपाणी घातलेलं मिश्रण आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलं की त्यात जंतू आणि बुरशी लवकर वाढतात.

घरगुती क्रीमचा मोठा धोका असा, की ते लावल्यावर माणूस निर्धास्त होतो. काही लावलं नसेल तर आपण सावली शोधतो, पदर डोक्यावर घेतो. लावलं असेल तर दोन तास अधिक उन्हात राहतो. अमेरिकेत २०१९ मध्ये पिंटरेस्टवरच्या घरगुती सनस्क्रीनच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ९५ टक्के नोंदी अशा क्रीमची भलामण करणाऱ्या होत्या आणि ६८ टक्के नोंदींतल्या कृती पुरेसं संरक्षण न देणाऱ्या होत्या. आपल्या मोबाइलवरचे संदेशही त्याच जातीचे आहेत.

बचत गटाच्या भगिनींसाठी

घरच्या वापरापुरता लेप करणं वेगळं आणि विकणं वेगळं. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं असेल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालच्या सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे परवाना लागतो. परवाना नसताना डबीवर 'सनस्क्रीन, एसपीएफ ३०' असं छापून विकलं तर ते कायद्यात बसत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ती डबी घेणारी आपलीच कुणी लेक-सून असेल. तिला कोड असेल, किंवा तिच्या बाळाला ते लावलं जाईल. तिने विश्वास ठेवला तो आपल्या ओळखीवर. कर्ज बुडालं तर पुन्हा उभं राहता येतं, गेलेला विश्वास परत मिळत नाही.

पण याचा अर्थ उन्हापासून संरक्षण देणारं काही बनवून विकता येणार नाही असा नाही. उलट सर्वांत भरवशाची वस्तू आपल्याच परिसरात विणली जाते.

घरी खरोखर होणारं सनस्क्रीन : कापड

कापड किती किरण अडवतं तेही मोजतात. त्या आकड्याला यूपीएफ म्हणतात. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासावा हिस्सा, २ टक्के, आत जातो. क्रीमप्रमाणे ते दर दोन तासांनी लावावं लागत नाही, घामाने वाहून जात नाही, आणि कमी लावलं-जास्त लावलं असा प्रश्नही येत नाही.

मात्र सगळं कापड सारखं नसतं. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ साधारण ५ ते ७ असतो, आणि तो ओला झाला की आणखी कमी होतो. घट्ट विणीची जीन्स मात्र जवळपास सगळेच किरण अडवते. निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, वीण. कापड प्रकाशासमोर धरा. पलीकडचा उजेड भोकांतून जितका कमी दिसेल तितकं चांगलं. वारासिवनीच्या हातमागाचं कापड आपल्या भागात नावाजलेलं आहे. तिथे घेताना याच कसोटीने घट्ट विणीचं निवडावं.

दुसरी, रंग. एकाच विणीच्या कापडांत गडद रंग अतिनील किरण जास्त शोषतो. गडद रंगात गरम जास्त होतं हे खरं, म्हणून ढगळ शिवावं, म्हणजे आत हवा खेळते.

तिसरी, ताण. अंगाला ताणून बसलेल्या कापडाची वीण उघडते.

चौथी, धुणं. नवं सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटतं आणि वीण घट्ट होते, त्यामुळे संरक्षण थोडं वाढतं. फार जुनं, विरलेलं कापड मात्र उन्हासाठी ठेवू नये.

आपल्याकडची जुनी माणसं खांद्यावर दुपट्टा टाकल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. घाम पुसायला, डोक्याला गुंडाळायला, कान-मान झाकायला तोच. आज नागपूर-गोंदियाच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीने झाकतात, तेही त्याच शहाणपणातलं. ओढणी फक्त जाळीदार शिफॉनची नसावी. नसली दुसरी तर तिची दुहेरी घडी करावी.

टोपीचा काठ किमान सात-आठ सेंटिमीटर रुंद असावा, म्हणजे नाक, गाल, कान आणि मान सावलीत येतात. क्रिकेटच्या टोपीने कान आणि मान उघडीच राहतात. छत्तीसगढकडे गुराखी बांबूची खुमरी घालतात, ती या बाबतीत उत्तम. छत्री फक्त पावसाळ्यात काढायची नसते. अमेरिकेत २०१३ मध्ये २३ साध्या छत्र्या तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांनी ७७ ते ९९ टक्के किरण अडवले आणि काळ्या छत्र्यांनी किमान ९० टक्के. आजोबांच्या काळ्या छत्रीची ही परीक्षाच म्हणा! मात्र छत्रीखालीही बाजूने आणि खालून परावर्तित किरण येतात. कोरडी वाळू १५ टक्क्यांच्या आसपास किरण परत फेकते, म्हणून नदीच्या पात्रातून जाताना नुसती छत्री पुरत नाही, हातही झाकावेत.

बचत गटाने घट्ट विणीचे दुपट्टे, कोपरापर्यंतचे सुती हातमोजे, मानेवर कापड सोडलेल्या टोप्या शिवल्या, तर रोवणीच्या आधी त्यांना गावोगावी मागणी येईल. त्यासाठी एसपीएफचा दावा करायची गरज नाही. कापड प्रकाशासमोर धरून गिऱ्हाइकाला दाखवलं की पुरे.

लेप करायचाच, पण संध्याकाळी

घरगुती लेपांना मी हिणवत नाही. त्यांची जागा उन्हातून आल्यानंतरची आहे.

आधी चेहरा आणि हात साध्या गार पाण्याने धुवावेत, बर्फ थेट घासू नये. कोरफडीचं पान कापल्यावर ते दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवावं. त्यातून पिवळट चीक गळून जातो, तो त्वचेला झोंबतो. मग साल काढून स्वच्छ गर धुऊन घ्यावा आणि पातळ लावावा. उरलेला गर ठेवू नये, दुसऱ्या दिवशी नवं पान कापावं.

चंदन लावायचं तर खोड स्वच्छ सहाणेवर पाण्यात उगाळून ताजं गंध घ्यावं. पूर्ण वाळून ताठ होण्याआधी, दहा मिनिटांत, धुऊन टाकावं. रात्री झोपताना कोरड्या हातापायांना खोबरेल तेल लावावं. त्वचेचा ओलावा टिकवायला ते चांगलंच आहे, तेच त्याचं खरं काम.

कोणताही नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस वाट पाहावी. आणि त्वचेवर फोड आले असतील, ताप असेल, उलट्या होत असतील, तर लेप न लावता डॉक्टरांकडे जावं.

विकत घ्यायचं तर हिशेबाने

जो भाग कापडाने झाकता येत नाही, म्हणजे चेहरा, मान, हाताचे पंजे, तेवढ्यालाच क्रीम लागतं. एसपीएफ ३० किंवा अधिक, 'ब्रॉड स्पेक्ट्रम', आणि मुदतीची तारीख, एवढं नळीवर पाहावं. चेहरा आणि मान मिळून सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर धरले तर एका वेळी १.२ ग्रॅम क्रीम लागतं. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीइतक्या दोन रेघा काढल्या की साधारण तेवढं होतं. ५० ग्रॅमची नळी ४० वेळा पुरेल. नळीवरची किंमत ४० ने भागा, एका वेळेचा खर्च निघेल. मग महाग-स्वस्त ठरवा. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावावं आणि उन्हातच असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

चेहऱ्यावर वांग असलेल्यांनी डॉक्टरांना त्वचेच्या रंगाच्या, लोह ऑक्साइड असलेल्या सनस्क्रीनबद्दल विचारावं. दिसणाऱ्या प्रकाशानेही आपल्यासारख्या त्वचेत डाग गडद होतात, आणि लोह ऑक्साइड तो प्रकाश अडवतं.

यांनी घरगुती क्रीमवर अजिबात विसंबू नये

आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन असतं आणि ते काही प्रमाणात नैसर्गिक संरक्षण देतं. त्यामुळे त्वचेचा कर्करोग आपल्यात गोऱ्या लोकांच्या तुलनेत बराच कमी दिसतो. हे समाधानाचं आहे. पण हे संरक्षण प्रत्येकाला मिळत नाही.

ज्यांना कोड आहे, त्यांच्या पांढऱ्या डागांत मेलॅनिन नसतं. ज्यांची त्वचा आणि केस जन्मतःच पांढरे आहेत, त्यांच्या तर सगळ्या अंगावर ही अडचण असते. त्यांना लहानपणापासून कापड, टोपी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सनस्क्रीन, तिन्ही हवं. कुटुंबात असं मूल असेल तर त्याला शाळेच्या मैदानात टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू द्यावा, अशी विनंती शिक्षकांना जरूर करावी.

काही औषधांनी त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते. डॉक्सीसायक्लिन हे त्यातलं एक. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, तेही तसंच. आपल्या वयाच्या सभासदांनी गोळीच्या पाकिटावर नाव वाचावं आणि डॉक्टरांना विचारावं. मनाने गोळी बंद मात्र करू नये. ल्युपसच्या रुग्णांना ऊन वर्ज्यच असतं. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कोणतंच सनस्क्रीन लावू नये, त्याला सावली आणि अंगभर कपडे हेच योग्य.

सूर्याला घाबरून घरात बसावं, असंही नाही. हाडांसाठी लागणारं ड जीवनसत्त्व त्वचेत सूर्यप्रकाशानेच तयार होतं. प्रश्न फक्त भर दुपारी तासन् तास उघड्या अंगाने राहण्याचा आहे.

थोडक्यात, क्रम असा ठेवावा. पहिली वेळ : जमेल ते काम दहाच्या आत आणि तीनच्या नंतर. मोहफुलं वेचणारे आणि तेंदूपत्ता तोडणारे पहाटेच निघतात, त्यात हाच शहाणपणा आहे. दुसरी सावली, तिसरं कापड आणि टोपी, चौथं उरलेल्या भागाला मोजलेलं सनस्क्रीन. घरचा लेप या यादीत नाही, तो संध्याकाळच्या यादीत आहे.

येत्या रोवणीला बांधीत जाणाऱ्या आपल्या घरच्या आणि घरी कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईसाठी एक घट्ट विणीचा दुपट्टा आणि हातमोजांचा एक जोड घेऊन ठेवा. आणि मोबाइलवर एसपीएफ ३० चा घरगुती नुस्खा आला, तर पुढे पाठवण्याआधी एकच विचारा : हे कुणी, कशावर मोजलं?